वैतरणेच्या मुखाभोवती : उत्तर कोकणातील ख्रिस्ती आत्मार्पणाची साक्ष

१

पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव वैतरणा नदीच्या मुखाशी, तिच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. खाडीच्या पलीकडे दक्षिणेस अर्नाळ्याचे बेट व आगाशी, त्याहून थोडे आत सोपारे, मग वसई, आणि वसईच्या खाडीने पूर्वेकडे गेल्यास ठाणे. उत्तरेस एडवण, केळवे, माहीम, शिरगाव अशी किनाऱ्यालगतची गावे तारापूरपर्यंत पसरलेली आहेत. हा सारा पट्टा मध्ययुगात एका सागरी मार्गाचा भाग होता. होर्मुझ, खंबायत, भडोच आणि मलबार यांच्या दरम्यान ये-जा करणारी गलबते या किनाऱ्यावर थांबत, आणि मालाबरोबर माणसे, भाषा व धर्मकल्पनाही येथे उतरत. पोर्तुगीज अमदानीत दातिवऱ्यास छोटा कोट उभा राहिला. त्याचे अवशेष त्या काळाची आठवण देतात.

या भूभागाच्या ख्रिस्ती इतिहासाचा विचार बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. पहिले अंग राजकीय : १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती घेतली, या दोन घटनांच्या चौकटीत हा सर्व इतिहास बसविण्यात येतो. दुसरे अंग भक्तिपर : येथील हुतात्म्यांची चरित्रे उपासकांच्या उपयोगासाठी लिहिली गेली. या दोन्ही अंगांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ख्रिस्ती धर्माने निःस्वार्थ, आत्मार्पण करणाऱ्या प्रेमाचा जो आदर्श आपल्या केंद्रस्थानी मानला, तो या भूमीवर प्रत्यक्षात कोणाच्या आचरणात उतरला आणि कोठे केवळ शब्दरूपाने राहिला, हा प्रश्न या दोहोंतही फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत निबंधात तो विचारण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी १३२१ साली ठाण्यात घडलेली घटना आणि १५९७ साली जपानात वसईच्या एका पुत्राला आलेले मरण, हे दोन प्रसंग मुख्यत्वेकरून विचारात घेतले आहेत. गोव्यातील एक प्रसंग तुलनेसाठी आणि महाराष्ट्रातील एक उत्तरकालीन कार्य समारोपासाठी घेतले आहे.

२

प्रथम आदर्शाचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. नव्या कराराची भाषा ग्रीक. त्या भाषेत प्रेम या अर्थाचे अनेक शब्द असताना ख्रिस्ती लेखकांनी 'अगापे' हा त्या मानाने कमी रूढ असलेला शब्द पुढे आणला. लॅटिन परंपरेत त्याचे 'कारितास' झाले आणि मराठी बायबलात तो मुख्यतः 'प्रीती' या शब्दाने ओळखला गेला. या प्रीतीचे लक्षण असे की, ती समोरच्या व्यक्तीच्या योग्यतेवर अवलंबून नसते. आप्त, मित्र, उपकारकर्ता यांच्यावर प्रेम करणे हा मनुष्यस्वभावच होय. शत्रू, परका आणि परतफेड करण्यास असमर्थ असा दीन यांच्यावर ते करणे हे या आदर्शाचे वेगळेपण. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, असे योहानाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितल्याचे येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात शत्रूंवर प्रेम करण्याची आज्ञा आहे. त्यामुळे क्रूसावरील मरण हे या आदर्शाचे प्रमाण ठरले.

तथापि येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आत्मार्पण आणि प्रेम ही दोन्ही एकच आहेत असे मूळ ख्रिस्ती विचाराने कधीही मानले नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात असा विचार मांडला आहे की, एखाद्याने सर्वस्व वाटून टाकले, आपला देहही अर्पण केला, परंतु त्याच्या ठायी प्रीती नसेल तर त्या अर्पणाचा त्याला काही लाभ नाही. म्हणजे मरण हा प्रीतीचा पुरावा आपोआप होत नाही. अभिमानाने, हट्टाने, कीर्तीच्या इच्छेने किंवा द्वेषानेही मनुष्य मरू शकतो. हुतात्म्यांच्या कथांकडे पाहण्याची कसोटी अशा रीतीने त्या धर्माच्या मूळ ग्रंथातच सापडते. ती बाहेरून लादावी लागत नाही.

ही कसोटी इतिहासाच्या कामी आणावयाची तर तिचे तीन प्रश्न करता येतात. अर्पण कोणासाठी होते? त्या प्रेमाच्या कक्षेत विरोधक येत होता काय? आणि त्या घटनेतील सर्वांत दुर्बल व्यक्तीचे पुढे काय झाले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चरित्रकार आनंदाने देतात. तिसरा प्रश्न मात्र साधनग्रंथांच्या कडेला शोधावा लागतो.

३

१३२१ साली ठाणे दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखाली होते. गादीवर गियासुद्दीन तुघलक होता. ठाण्यात मुसलमान अधिकारी, काझी, हिंदू रयत आणि व्यापारानिमित्त आलेले अनेक परदेशी लोक राहत. इटालियन प्रवासी ओडोरिक याच्या वृत्तांतानुसार तेथे नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. हे लोक पूर्वेकडील प्राचीन ख्रिस्ती परंपरेचे. रोमच्या दृष्टीने ते भिन्नमतवादी होते.

होर्मुझहून निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू त्या वर्षी येथे उतरले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री ही त्यांची नावे. थॉमस हा वयाने मोठा व अनुभवी होता. आर्मेनियात त्याने काम केले होते आणि चीनमधील धर्मप्रसारक मोंतेकोर्विनोच्या जॉनची पत्रे त्याने १३०७ साली पोपकडे पोचविली होती. दिमित्री हा जॉर्जियाचा, दीक्षित धर्मगुरू नसलेला बंधू. अनेक भाषा येत असल्यामुळे दुभाष्याचे काम त्याच्याकडे होते. त्यांच्याबरोबर जॉर्डेनस हा डोमिनिकन साधूही होता. या मंडळींना चीनकडे जावयाचे होते, ठाणे हे त्यांचे गंतव्य नव्हते.

ठाण्यात एका नेस्तोरियन कुटुंबाने त्यांना आसरा दिला. ही गोष्ट वरवर साधी दिसते. परंतु भिन्न पंथाच्या, अनोळखी भाषेच्या आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीने संशयास्पद अशा पाहुण्यांना घरात घेणे हे त्या काळी जोखमीचे काम होते. या प्रकरणातील पहिले निःस्वार्थ कृत्य या गृहस्थाच्या घराने केले, याची नोंद अभ्यासकाने केली पाहिजे.

पुढील हकीकत ओडोरिकच्या कथनावरून अशी दिसते. त्या घरात पतिपत्नींचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोस बेदम मारले. ती स्त्री काझीकडे दाद मागण्यास गेली. पुरावा काय, असे विचारल्यावर तिने सांगितले की, घरात चार फिरंगी साधू उतरले आहेत, त्यांच्यादेखत मला मारले. तेथे उपस्थित असलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका गृहस्थाने, हे साधू विद्वान असतात, त्यांना बोलावून धर्मचर्चा करावी, असे सुचविले. साधूंना बोलावण्यात आले. पीटर सामानाजवळ मागे राहिला. चर्चा ख्रिस्ताच्या देवत्वावरून महंमद पैगंबराविषयीच्या प्रश्नावर आली. थॉमसने दिलेले उत्तर उपस्थितांना पैगंबराची निंदा वाटले आणि प्रकरण देहदंडावर गेले. ९ एप्रिल रोजी थॉमस, जेम्स व दिमित्री, आणि ११ एप्रिल रोजी पीटर, असे चौघे मारले गेले.

या कथनात अग्निदिव्याचे आणि इतर चमत्कारांचेही वर्णन आहे. ते हुतात्माचरित्रांच्या रूढ साच्यातील असल्यामुळे त्यावर येथे भर दिलेला नाही. परंतु साचा ज्या गोष्टी मागत नाही, त्या गोष्टींवर इतिहासकाराने अधिक विश्वास ठेवावा, असा एक उपयुक्त नियम आहे. मार खाल्लेल्या स्त्रीची फिर्याद ही अशीच गोष्ट. पवित्र मरणाची कथा रचणाऱ्याला तिची काहीच गरज नव्हती. किंबहुना घरातील मारहाणीने या कथेची सुरुवात व्हावी हे त्याला अडचणीचेच वाटले असते. तरी ती नोंद राहिली, यावरून ती ठाण्यातील लोकांच्या सांगण्यातून आलेली असावी, असे अनुमान करता येते.

४

आता तिसरा प्रश्न. त्या स्त्रीचे काय झाले? काझीच्या दरबारात ती एका साध्या मागणीसाठी गेली होती. नवऱ्याने मारले याचा न्याय तिला हवा होता. तिचे साक्षीदार दरबारात येताच तिची फिर्याद बाजूला पडली आणि विद्वान पुरुषांची धर्मचर्चा सुरू झाली. चर्चेच्या शेवटी साक्षीदारांचे प्राण गेले आणि फिर्याद तशीच राहिली. साधूंनी तिच्या बाजूने साक्ष दिल्याचा उल्लेख या कथेत येत नाही, काझीने तिच्या तक्रारीचा निवाडा केल्याचाही येत नाही. ओडोरिकच्या सांगण्याप्रमाणे पुढे दिल्लीच्या सुलतानाने मारेकरी अधिकाऱ्यास कठोर शासन केले. या शासनातही त्या स्त्रीला स्थान नाही.

याचा अर्थ चार साधूंचे मरण निष्फळ किंवा प्रीतिरहित होते असा करणे अन्यायाचे होईल. ते शस्त्र घेऊन आले नव्हते. त्यांच्या पाठीशी कोणतेही राज्य नव्हते. आपल्या समजुतीप्रमाणे सत्य सांगण्यासाठी त्यांनी प्राण दिले. परंतु ख्रिस्ती आदर्शाच्या स्वतःच्या कसोटीने पाहिले असता या प्रसंगात एक रिकामी जागा उरते, आणि ती जागा त्या अनामिक स्त्रीची आहे. शुभवर्तमानातील शोमरोनी प्रवाशाच्या दृष्टान्तात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाकडे याजक व लेवी दुर्लक्ष करून जातात. ठाण्याच्या प्रकरणात सर्वच धर्मांचे जाणते पुरुष एका जखमी व्यक्तीच्या शेजारून निघून गेले, असे म्हणावे लागते.

आत्मार्पणाचा दुसरा अर्थ या प्रकरणाच्या कडेला सापडतो. जॉर्डेनस त्या दिवसांत ठाण्यात नव्हता. तो सोपाऱ्यास व पुढे भडोचच्या दिशेने गेला होता. त्या वाटेवर वैतरणा ओलांडावीच लागते. बातमी कळताच तो परत फिरला. जेथे आपल्या चार सोबत्यांना नुकतेच मारण्यात आले, तेथेच तो गेला. एका जिनोवावासी तरुणाच्या साहाय्याने त्याने त्यांचे देह मिळविले आणि सोपाऱ्यास नेऊन पुरले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी घोघ्याहून लिहिलेल्या पत्रात त्याने ही हकीकत कळविली. भडोचकडे सुमारे ९० जणांना व ठाणे-सोपारे यांच्या दरम्यान ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचे त्याने नमूद केले आहे. नंतर ठाण्याहून लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या एकाकीपणाचे वर्णन येते : चाच्यांनी पकडणे, तुरुंगवास, निंदा, भूक, अंगावर धड वस्त्र नसणे, शरीराच्या व्याधी. तरीही तो हा किनारा सोडून गेला नाही. १३२९ साली पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. एका दिवसात प्राण देणाऱ्यांच्या कथा सर्वत्र गायिल्या गेल्या. वर्षानुवर्षे थोडे थोडे प्राण देणारा हा मनुष्य त्यामानाने उपेक्षित राहिला.

काही काळाने ओडोरिक सोपाऱ्यास आला आणि त्या चौघांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. ज्या देशाला जिवंतपणी जाता आले नाही, तेथे त्यांच्या अस्थी पोचल्या. मराठी वाचकाला येथे एका समकालीन परंपरेचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास कोसळलेल्या भिंतीखाली चोखामेळा मरण पावला आणि नामदेवाने त्याच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या, असे वारकरी परंपरा सांगते. या दोन कथांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु एकाच शतकात, याच मराठी मुलखात, मृताच्या अस्थींना जवळ करणे ही प्रेमाची खूण मानली गेली. समाजाने ज्याला दूर लोटले त्याचे हाड हाती घेणे हा नामदेवाच्या कथेचा गाभा आहे, आणि शिक्षा झालेल्या परक्याचा देह उचलणे हा जॉर्डेनसच्या कृतीचा. अस्पर्श मानलेल्याला स्पर्श करणे हे दोन्हींतील समान तत्त्व होय.

५

दुसरा प्रसंग सुमारे पावणेतीन शतकांनंतरचा. गोन्सालो गार्सिया हा वसईचा. त्याचा जन्म १५५६ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज आणि आई येथीलच. येशूसंघीयांच्या हाताखाली शिकून तो कोवळ्या वयात जपानला गेला, तेथील भाषा उत्तम शिकला आणि कित्येक वर्षे धर्मशिक्षकाचे काम करीत राहिला. त्याला त्या संघात प्रवेश हवा होता, परंतु तो मिळाला नाही. मिश्र व देशी रक्ताच्या उमेदवारांना दूर ठेवण्याकडे त्या काळी धर्मसंघांचा कल होता, हे येथे विसरून चालणार नाही. सर्वांवर सारखी प्रीती करावी असे शिकविणाऱ्या संस्थेच्या दारातच जन्माचा विचार उभा होता. गोन्सालोने काही काळ व्यापार केला, त्यात चांगले यश मिळविले आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून प्रवेश केला.

१५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखालील फ्रान्सिस्कन मंडळींबरोबर तो दुभाषी म्हणून जपानला परतला. त्या वेळी सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती होती. या मंडळींनी क्योटो येथे चर्चबरोबरच संत आना व संत जोसेफ या नावांची दोन रुग्णालये चालविली आणि त्यांत कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. त्या समाजात ज्यांना कोणी जवळ करीत नसे, अशांचे व्रण धुण्याचे हे काम होते. गोन्सालोच्या आयुष्यातील प्रीतीचा पुरावा शोधावयाचा तर क्रूसाआधी या रुग्णालयाकडे पाहिले पाहिजे.

१५९६ च्या अखेरीस सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्याच्या मालाच्या जप्तीवरून वाद झाला. स्पेनचा राजा धर्मप्रसारकांच्या मागोमाग सैन्य पाठवितो, असे उद्गार गलबतावरील सुकाणूधराने काढल्याचे वृत्त हिदेयोशीच्या कानी गेले. पोर्तुगीज व स्पॅनिश, येशूसंघीय व फ्रान्सिस्कन यांच्यातील चुरशीने परिस्थिती अधिकच बिघडली. या राजकारणाची किंमत रुग्णालयात काम करणाऱ्यांनी दिली. बंदींच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, त्यांची गावोगाव धिंड काढण्यात आली, आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत त्यांना चालविण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत गोन्सालोसह ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि १७ जपानी सामान्य जन होते. सर्वांत लहान लुई इबाराकी बारा वर्षांचा होता.

या २६ या आकड्यातच प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची साक्ष दडलेली आहे. क्योटोहून निघालेले बंदी २४ होते. वाटेत बंदींची सेवा करण्यासाठी, त्यांना अन्न-वस्त्र पोचविण्यासाठी बरोबर चालणारे पीटर सुकेजिरो आणि फ्रान्सिस नावाचा सुतार यांनाही शिपायांनी त्यांच्यात जमा केले. त्यांच्याविरुद्ध कोणताही हुकूम नव्हता. घरी परत जाण्यास त्यांना वाट मोकळी होती. तसाच मथियासचा प्रसंग. शिपायांनी यादीतील मथियास या नावाने हाक मारली असता तो मनुष्य जागेवर नव्हता. तेव्हा त्याच नावाचा दुसरा एक ख्रिस्ती पुढे आला व त्याच्याऐवजी बंदिवान झाला, असे परंपरा सांगते. धर्ममताच्या वादाला येथे कसलाही वाव नाही. कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर येथे स्पष्ट आहे : शेजाऱ्यासाठी. पौलाच्या कसोटीवर हे अर्पण कोणत्याही टीकेवाचून उतरते. क्रूसावरून पॉल मिकी याने हिदेयोशीस व वधिकांस क्षमा केल्याचे तत्कालीन वृत्तांत सांगतात, म्हणजे विरोधकही प्रेमाच्या कक्षेत होता.

ठाण्याचा दिमित्री आणि वसईचा गोन्सालो यांच्यात एक विलक्षण साम्य आहे. दोघेही धर्मगुरू नव्हते आणि दोघेही दुभाषी होते. दुभाषी हा दोन्ही पक्षांच्या मध्ये उभा असतो. तो स्वतःचे म्हणणे मांडीत नाही, दुसऱ्याचा शब्द वाहून नेतो. आणि तो शब्द अप्रिय ठरला तर शिक्षेतून मात्र तो सुटत नाही. परक्याची भाषा शिकणे, त्याच्या बोलण्याच्या रीती आत्मसात करणे आणि आपली जीभ दुसऱ्याच्या सेवेस देणे, हे आत्मार्पणाचेच एक रूप होय. हुतात्म्यांच्या चित्रांत ते दिसत नाही, कारण चित्रात भाला दाखविता येतो, परंतु वर्षानुवर्षे चाललेला भाषेचा अभ्यास दाखविता येत नाही. १६२७ साली गोन्सालोला धन्य म्हणून आणि ८ जून १८६२ रोजी संत म्हणून मान्यता मिळाली. जन्मामुळे एका संघाने ज्याला आत घेतले नाही, तो वसईचा मुलगा सार्वत्रिक चर्चच्या संतमालिकेत गेला.

६

आत्मार्पणाला राजसत्तेची जोड मिळाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण गोव्यात सापडते. २५ जुलै १५८३ रोजी सासष्टीतील कुंकळ्ळी येथे रुदोल्फो अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सहकारी ग्रामस्थांच्या हल्ल्यात मारले गेले. अक्वाविवा हे अकबराच्या दरबारात राहून आलेले, वृत्तीने विरक्त असे साधू होते. त्यांच्या वैयक्तिक निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या आधी सासष्टीतील देवळांचा विध्वंस झाला होता, आणि ग्रामस्थांच्या दृष्टीने हे साधू त्या विध्वंसक सत्तेपासून वेगळे नव्हते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बोलणी करण्याच्या निमित्ताने गावाच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून त्यांची हत्या केली. क्षमा करीत मरण पावलेल्यांच्या नावाने सूड घेण्यात आला. १८९३ साली पाच साधू धन्य घोषित झाले. त्यांच्याबरोबर मारल्या गेलेल्या स्थानिक ख्रिस्ती लोकांची नावे त्या घोषणेत नव्हती.

हाच विरोध उत्तर कोकणातही दिसतो. एकीकडे पोर्तुगीज वसईत 'मिझेरिकॉर्दिया' ही दयाधर्माची बंधुसंस्था काम करीत होती. १४९८ साली लिस्बनला स्थापन झालेल्या या संस्थेच्या शाखा पोर्तुगीज वसाहतींत सर्वत्र निघाल्या. भुकेल्यास अन्न, रुग्णास सेवा, मृतास मूठमाती अशी दयेची १४ कृत्ये तिने आपल्या नियमांत घातली होती. दुसरीकडे १५६० साली गोव्यात आलेले धर्मन्यायपीठ हिंदूंच्या व नवख्रिस्ती लोकांच्या जीवनावर दहशत ठेवून होते. एकच राज्य एका हाताने जखम बांधीत होते आणि दुसऱ्या हाताने करीत होते. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या मोहिमेला या प्रदेशातील अनेक गावांतून जो पाठिंबा मिळाला, त्याच्या कारणांत ही दहशतही होती.

१७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात वसई पडली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला उपासनेची मुभा देण्यात आली. युरोपीय धर्मगुरू बव्हंशी निघून गेले. त्यानंतरचा काळ उपेक्षेचा मानला जातो, परंतु आदर्शाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा होय. राज्याश्रय गेला, सवलती गेल्या, ख्रिस्ती असण्यात काही लाभ उरला नाही. अशा वेळी देशी धर्मगुरूंनी आणि वाडीवाडीतील शेतकरी व कोळी कुटुंबांनी जो धर्म टिकविला, तो सत्तेचा धर्म नव्हता. तो टिकला याचे श्रेय वसईच्या तटबंदीस देता येत नाही.

७

ठाण्याच्या त्या स्त्रीची फिर्याद मात्र अद्याप उत्तरावाचून उभी होती. तिचे उत्तर या परंपरेने दिले की नाही, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकात यावे लागते. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) या संस्कृत विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्या आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की, लंडनजवळील फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले काम पाहून त्यांच्या विचारांत पालट झाला. अशा स्त्रियांकडे समाज दयेने पाहू शकतो, हेच त्यांना नवीन होते. तेथील एका भगिनीने त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविली. रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे नेणारी वाट धर्मसिद्धान्तांच्या चर्चेतून गेली नाही. किंबहुना सिद्धान्तांविषयी त्यांचे आपल्या गुरुभगिनींशी तीव्र मतभेद राहिले. एका जखमी स्त्रीजवळ कोणीतरी थांबले, या दृश्याने त्यांना जिंकले.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या आणि केडगाव येथे मुक्ती सदनाचे कार्य उभे राहिले. तेथे विधवा, टाकलेल्या, अंध, रोगी अशा स्त्रियांना अन्न, निवारा, अक्षरज्ञान आणि हातास काम मिळाले. सामान्य स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. रमाबाईंच्या धर्मांतरावर त्या काळी महाराष्ट्रात कडक टीका झाली, आणि मुक्तीतील धार्मिक वातावरणाविषयीचे प्रश्न गैरलागू होते असे म्हणता येत नाही. तरी एवढे निश्चित की, काझीच्या दरबारात बाजूला सारलेली फिर्याद येथे ऐकली गेली. रमाबाईंना कोणी क्रूसावर चढविले नाही. त्यांनी आपली विद्वत्ता, कीर्ती आणि अखेरीस एकुलती एक मुलगी मनोरमा हिचेही श्रम या कामात घातले. मनोरमा १९२१ साली निवर्तली आणि पुढील वर्षी रमाबाईही गेल्या.

८

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली अशी की, निःस्वार्थ प्रेमाचा ख्रिस्ती आदर्श उत्तर कोकणात पोर्तुगीजांबरोबर आला हा समज टिकत नाही. वसई पोर्तुगीजांकडे जाण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी ठाण्याच्या एका नेस्तोरियन घरात, सोपाऱ्याच्या दफनभूमीत आणि जॉर्डेनसच्या एकाकी वर्षांत त्याची साक्ष मिळते. त्या वेळी त्याच्या पाठीशी तोफा नव्हत्या.

दुसरी अशी की, मरण आणि प्रेम यांत भेद करणे हे श्रद्धेला बाधक नाही. तो भेद मूळ ग्रंथानेच केला आहे. त्यामुळे हुतात्म्यांच्या कथांची चिकित्सा करणारा अभ्यासक त्या परंपरेचा अधिक्षेप करीत नाही, तिच्याच मापाने तिला मोजतो. कुंकळ्ळीची घटना या मापाने तोलताना साधूंची निष्ठा आणि सत्तेचा सूड ही दोन्ही एकाच पारड्यात टाकता येत नाहीत.

तिसरी गोष्ट पद्धतीविषयीची आहे. आत्मार्पणाच्या कथांत मध्यभागी असलेल्या पुरुषावर साधनग्रंथांचा सारा प्रकाश पडतो. परंतु या निबंधात जे जे निर्विवादपणे प्रेमाचे कृत्य म्हणून पुढे आले, ते बहुधा कथेच्या कडेला सापडले : परक्याला आसरा देणारे घर, देह उचलण्यास परत फिरलेला सोबती, दुभाष्याची जीभ, कुष्ठरोग्याचे व्रण धुणारे हात, वाटेत अन्न पोचविताना पकडले गेलेले दोघे सेवक. आणि जेथे प्रेमाची उणीव राहिली, तिची खूणही कडेलाच, एका नाव नसलेल्या स्त्रीच्या फिर्यादीत सापडली. उत्तर कोकणाचा ख्रिस्ती इतिहास पुढे लिहावयाचा झाल्यास चर्चच्या दप्तरांबरोबरच ग्रामपरंपरा, कुटुंबांतील आठवणी, बाप्तिस्मा व दफनाच्या नोंदी यांचा या दृष्टीने अभ्यास होणे अगत्याचे आहे. दातिवऱ्यापासून तारापूरपर्यंतच्या गावांत अशा कडेच्या साक्षी शोधण्याचे काम पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्यासारखे आहे.

पुराणांनी यमलोकाच्या वाटेवरील नदीला वैतरणी म्हटले, आणि ती पार करण्यास दुसऱ्याला दिलेले दान उपयोगी पडते, अशी लोकश्रद्धा आहे. त्या नावाशी साधर्म्य असलेली ही कोकणातील नदी दातिवऱ्यापाशी समुद्रास मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर निरनिराळ्या धर्मांची माणसे शतकानुशतके राहिली. आपण दुसऱ्याला काय दिले यावर मनुष्याची पारख होते, हे तत्त्व त्या सर्वांनी आपापल्या भाषेत मान्य केले आहे. इतिहासाने त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला तर तो अनाठायी ठरू नये.